बटाट्याची ओटी

माझी लेक नोकरीसाठी कोलंबियाला गेली आणि तिथल्याच मुलाशी कोर्टात लग्न करून मोकळी झाली. जावयाची आई दिवाळीनंतर सोलापूरला येणार, असं ठरलं. मी पडले विधवा, त्यामुळे विहीणबाईंची ओटी माझ्या सवाष्ण सासूबाई भरणार, हेही मला न विचारता ठरलं. लेकीच्या सासूला आपल्या हाताने कुंकू लावावं, एवढीच माझी इच्छा होती. ती बोलून दाखवली तर सासूबाई म्हणाल्या, "रीत हाय ती. मी काय करू?"

मला असा राग आला! त्या रागातच मी मोबाइलवर विहीणबाईंची भाषा, स्पॅनिश, शिकायला घेतली. हात चालवता येत नाही, तर तोंड तरी चालवू.

त्या भाषेत वस्तूसुद्धा बाई नाहीतर बाप्या. ते आपल्याकडेही आहे, त्याचं काही नाही. पण तिथे काही शब्द असे, की बाप्या असताना एक आणि बाई झाले की भलतंच. 'पापा' बाप्या असेल तर पोप, बाई असेल तर बटाटा. 'कोमेता' बाप्या असेल तर धूमकेतू, बाई असेल तर पतंग. 'कुरा' बाप्या असेल तर पाद्री, बाई असेल तर इलाज. रोज पाठ करायचं आणि रोज पोपची भाजी करायची, असं माझं चाललं होतं.

शेवटी तोडगा सासूबाईंनीच काढला. "बाईला कुंकू लाव, बाप्याला ईबूत. हाय काय आन न्हाय काय!"

खुंटीवरच्या पतंगाला कुंकू लागलं. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीला लागलं. मी कागदावर काढलेल्या पोपच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढले. "कुठले महाराज हो हे?" शेजारणीने विचारलं. "लई लांबचं हायत," सासूबाई म्हणाल्या आणि तिने हात जोडले.

टोपलीतल्या बटाट्याला कुंकू लागलं आणि घरात बटाट्याची भाजी बंद झाली. "सवाष्ण बाई इळीवर कशी धरू गं?" हा सासूबाईंचा सवाल. मग व्हायचं तेच झालं. बटाट्याला कोंब फुटले. सासूबाईंच्या आनंदाला पारावार राहिला नाही. "हिला दिवस गेलं की!" त्यांनी मूठभर गहू आणि खणाचा तुकडा घालून त्याची रीतसर ओटी भरली आणि त्याला देव्हाऱ्याशेजारी बसवलं. मला हसू येत होतं आणि जीवही जळत होता. बटाट्याचा मान होता, माझा नव्हता.

लेकीला घेऊन विहीणबाई आल्या. लेक आंघोळीला गेली, सासूबाई आत ओटीचं ताट लावत होत्या. बाहेर आम्ही दोघीच. विहीणबाईंनी खणातल्या बटाट्याकडे बोट दाखवलं. मी होतं नव्हतं ते स्पॅनिश गोळा केलं. बटाटा बाई. बाईला लाल ठिपका. पोप बाई नाही. पोपला राख.

त्या पोट धरून हसल्या. हसता हसता माझ्या कपाळाकडे बघून थांबल्या आणि म्हणाल्या, "मग तू?"

हवा कशी आहे, स्टेशन कुठे आहे, सगळं मला पाठ होतं. हा पाठ मोबाइलने घेतलाच नव्हता. डोळे मात्र भरून आले.

तेवढ्यात सासूबाई ताट घेऊन बाहेर आल्या. "काय म्हनती गं ती?"

"आत्याबाई, त्या विचारतायत, बटाट्याला कुंकू, मग मला का नाही?"

सासूबाईंनी एकदा बटाट्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग ताट माझ्या हातात देत म्हणाल्या, "तूच भर वटी. माजं गुडगं लई दुखाया लागल्यात." आणि तरातरा आत जाऊन विहीणबाईंसाठी पाट घेऊन आल्या.

मी कुंकू इतकं भरभरून लावलं, की ते विहीणबाईंच्या नाकापर्यंत सांडलं. ते त्यांनी मला पुसू दिलं नाही.