भोंगाकाकांचं संथ विमान

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थांना सगळी गल्ली भोंगाकाका म्हणते. खरं तर माणूस अबोल. आवाज चढवून बोलताना त्यांना कुणी ऐकलेलं नाही. पण ऐन तारुण्यापासून निवृत्त होईपर्यंत त्यांनी इस्पितळाची रुग्णवाहिका चालवली, आणि गाडीच्या भोंग्याचं नाव माणसाला चिकटलं ते चिकटलंच.

निवृत्त झाल्यावर माणूस निवांत होतो म्हणतात. काका काही झाले नाहीत. जेवायला बसले की दुसऱ्याने मीठ मागून घेईपर्यंत यांचं ताट रिकामं. कुठे फोन वाजला, अगदी वर आमच्या घरात वाजला, तरी खाली त्यांचे पाय चपलेत गेलेले असायचे. काकू म्हणायच्या, "अहो, आता कुणी पडलंबिडलं नाहीये. बसा." मग ते बसायचे, पण खुर्चीच्या कडेवर.

काकूंचं तसबिरींना चौकटी करून देण्याचं दुकान आहे, घराच्याच पुढच्या खोलीत. काचा, लाकडी पट्ट्या, पुठ्ठे, आणि टेबलावर धारदार पातं आणि लोखंडी पट्टी. निवृत्तीनंतर काका तिथे मदतीला बसू लागले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी इतकी घाई केली की दोन काचा फुटल्या. तेव्हापासून काकूंनी त्यांच्याकडे फक्त पोचवण्याचं काम ठेवलं.

असेच एकदा ते एक मोठी तसबीर घेऊन गावाबाहेरच्या वस्तीत निघाले. वाटेत पाण्याच्या टाकीमागे मोकळं मैदान आहे. तिथे चार-पाच माणसं माना वर करून उभी होती. काकांनीही मान वर केली. एक पांढरं विमान, फार तर हातभर लांब, आभाळात सावकाश वळत होतं. इतकं सावकाश, की आता पडतं की काय असं वाटावं, पण पडत मात्र नव्हतं. काका तसबीर काखेत धरून तिथेच उभे राहिले. शेवटी गिऱ्हाइकाचा दुकानात फोन आला. काकू हातातलं काम टाकून उठल्या. हा माणूस जन्मात कधी उशिरा पोचलेला नव्हता.

काका परतले तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या.

"कुठे होतात?"

"विमान बघत होतो."

"कसलं विमान?"

"लहानसं. रिमोटवर उडवतात." चपला काढता काढता काका म्हणाले, "अगं, ते कुठेच जात नव्हतं. नुसतंच उडत होतं."

पुढचे काही दिवस त्यांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. मैदानावर जाऊन त्यांनी विचारूनही घेतलं: ही विमानं घरी बांधता येतात, आणि त्यांचं दुकान बाजारात, घड्याळवाल्याच्या मागच्या बोळात आहे. मुळात हा माणूस स्वतःहून कधी काही मागत नाही, म्हणून काकूंनी लगेच होकार दिला. पण घरात बातमी फुटली आणि काकूंचा धाकटा भाऊ मध्ये पडला. त्याचं टायरचं दुकान आहे आणि त्याला जगातलं सगळं कळतं. आला तो मोबाईल पुढे करतच.

"भावजी, हे बघा! लढाऊ विमान. लालभडक. डोळ्याचं पातं लवायच्या आत मैदान पार करतं. तुम्ही आयुष्यभर सिग्नल तोडत गाडी हाणलीत, तुम्हाला काय हळूबाईचं विमान शोभतं का?"

काका त्या चित्राकडे बघत राहिले. मेव्हण्याला नाही म्हणणं त्यांना कधी जमलेलं नाही. "बघू," म्हणाले.

तर तिघं मिळून दुकानात गेले. (मीही गेले. मला काही घ्यायचं नव्हतं, पण एवढी गंमत सोडून घरी कोण बसेल?) दुकान म्हणजे एक लांबट खोली, छताला दोऱ्यांनी विमानं टांगलेली. मालकीणबाई पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, बोटांवर वाळलेल्या गोंदाचे पापुद्रे. मैदानावर नवशिक्यांना शिकवणाऱ्याही त्याच.

मेव्हण्याने लाल विमानाकडे बोट दाखवलं. बाईंनी ते खाली काढलं, पण हातात दिलं नाही.

"आधी कधी उडवलंय?"

"नाही," काका म्हणाले.

"पण गाडी चालवण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही," मेव्हणा म्हणाला. "रुग्णवाहिकेवर होते."

"गाडी घाबरून थांबवता येते," बाई म्हणाल्या. "विमान थांबवलं की पडतं. हे बघा, याचे पंख पोटाखाली आहेत आणि टोकाला निमुळते. एकदा कललं की कललेलंच राहतं, तुम्ही सरळ करेपर्यंत. वेग कमी केला की दगडासारखं खाली. उडवायला मजा येते, पण विचार करायला वेळ देत नाही."

"मग नको," काका इतक्या पटकन म्हणाले की मेव्हण्याचा मोबाईल परत खिशात गेला. "विचार करायला वेळ न देणारं पुष्कळ झालं."

बाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. मग हलक्या लाकडाच्या काड्यांचं, वर पातळ कागद ताणलेलं एक विमान दाखवलं. काय सुंदर होतं ते! उजेडाकडे धरलं तर आतल्या फासळ्या दिसत होत्या. काकांनी त्यावरून बोट फिरवलं आणि काकूंचा जीव त्यात अडकला.

"हे घ्या की," त्या म्हणाल्या.

"हे दुसरं म्हणून घ्या," बाई म्हणाल्या. "पहिलं विमान पडतंच. पडणार नाही म्हणणारा दुकानदार थापा मारतो. हे पडलं तर काड्या जुळवण्यात महिने जातील, आणि तोवर हौस फिटलेली असेल." मग त्यांनी खालून एक चपटा खोका ओढला. आत थर्माकोलसारख्या फोमचे पांढरे तक्ते, त्यावर कापायच्या रेघा, एक छोटी मोटर, थोड्या तारा. "पंख रुंद, आणि पाठीवर. दोन्ही टोकं जरा वर उचललेली. एका बाजूला कललं तर आपणहून सरळ व्हायला बघतं. मोडलं तर गरम गोंदाने चिकटवायचं, चहा होईपर्यंत परत तयार."

"आणि पंख बसवायला?" मेव्हण्याने खोक्यात डोकावून विचारलं. "रबरबँड? विमानाला रबरबँड? अहो, याने माझ्या बायकोच्या केसांचा अंबाडासुद्धा राहत नाही!"

"विमान राहतं," बाई म्हणाल्या, आणि काकांकडे वळल्या. "तुम्ही सांगा. वर गेल्यावर काय करायचंय तुम्हाला?"

काकांनी बराच विचार केला.

"काही नाही," ते म्हणाले. मग, आपलं उत्तर फारच अपुरं पडलं असं वाटून, "जरा घिरट्या."

"मग हेच."

बाहेर पडल्यावर खोका काखेत घट्ट धरून काका असे चालत होते, जणू कुणीतरी त्यांच्या खांद्यावरचं पोतं उतरवून घेतलंय.

बांधायला मात्र पहिल्याच दिवशी गोची झाली. काकांनी सवयीप्रमाणे झपाट्याने कापाकापी केली, गोंद लावला आणि तो धरायच्या आत पंखाला घडी घातली. पंख उलथ्यासारखा वाकडा झाला. सरळ करायला गेले तर मधोमध फाटला.

"झालं! वाट लावली," म्हणून ते डोकं धरून बसले.

काकूंनी फाटलेला पंख उचलून बघितला. "अहो, हा फोमच आहे ना? अगदी अस्साच तक्ता माझ्याकडे मागच्या खोलीत आहे, चित्रांना पाठीमागून लावायला. पातं द्या इकडे. आणि तुम्ही फक्त धरा."

मग दोघांची जोडी जमली. शेपटीचा हलणारा भाग वाकायला हवा, म्हणून तिथे कडेला तिरका काप घ्यावा लागतो. चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याला काकू रोज तसाच काप देतात. त्यांनी पट्टी ठेवली आणि एका दमात पातं ओढलं. काका नुसते बघत राहिले. गोंद लावला की काकू म्हणायच्या, "आता धरून बसा. सोडू नका." आणि काका बसायचे. दोन्ही हात अडकलेले, उठायची सोय नाही. मी एकदा साखर मागायला गेले तर हा माणूस पंख छातीशी धरून चक्क खुर्चीला टेकून बसला होता.

शेवटी पंखाखाली दोन्हीकडे एकेक बोट लावून तोल बघायचा होता. शेपूट खाली झुकली. बाईंनी बजावलं होतं, शेपूट जड असेल तर उडवूच नका. बॅटरी नाकाकडे सरकवली, तेव्हा कुठे विमान काकांच्या बोटांवर आडवं, स्तब्ध राहिलं.

वारा पडलेला असताना एका सकाळी आम्ही मैदानावर गेलो. बाईंच्या हातात दुसरा रिमोट होता, काकांच्या रिमोटला जोडलेला. काही बिघडलं तर त्या विमान आपल्याकडे घेणार. वर त्यांनीच नेलं आणि म्हणाल्या, "आता तुमचं."

विमान लगेच दारुड्यासारखं झोकांड्या खाऊ लागलं. डावीकडे, उजवीकडे, नाक वर, नाक खाली. काकांच्या कपाळावर घाम. हाताची बोटं एक क्षण स्वस्थ नव्हती.

"तुम्ही त्याला फार मदत करताय," बाई म्हणाल्या. "बोटं उचला."

"पडेल ना!"

"मी आहे. उचला."

काकांनी बोटं उचलली. विमानाने एक हेलकावा खाल्ला, दुसरा त्याहून लहान खाल्ला आणि ते सरळ झालं. सरळ झालं आणि आपल्या चालीने पुढे जात राहिलं. काकांनी एवढा मोठा श्वास सोडला की मला वाटलं, हा त्यांनी नोकरीवर असताना आत घेतला असावा.

मग हलक्या बोटाने त्यांनी ते वळवलं. टाकीवरून एक घिरटी, झाडांवरून दुसरी. बाईंनी कधी आपला रिमोट खाली केला, त्यांना कळलंही नाही.

उतरवताना मात्र गडबड झाली. काकांनी मोटर जरा लवकर बंद केली आणि विमान मैदानाच्या कडेच्या झुडपाला धडकलं. फाट्कन आवाज झाला. पंख एकीकडे उडाला, धड दुसरीकडे.

कुणी काही म्हणायच्या आत काका पळत सुटले. तसं पळताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पण बघताच कळलं की हे पळणं त्यांच्या अंगात मुरलेलं आहे. पुढे झुकलेले, नजर एका जागी. आम्ही पोचलो तेव्हा ते गुडघ्यांवर बसून विमानाचं धड चाचपत होते. नाक, पोट, शेपूट. मग पंख उलटसुलट करून पाहिला. मग परत धड.

"काही झालेलं नाही," ते म्हणाले. "कुठे काही झालेलं नाही. फक्त रबर सुटलंय."

"म्हणूनच रबर," मागून येत बाई म्हणाल्या. "आपटलं की पंख सुटून बाजूला होतो. सुटतो म्हणूनच मोडत नाही."

काका तसेच गवतात बसून राहिले. काकू त्यांच्याशेजारी बसल्या.

"अगं, इतकी वर्षं मी धावत जात होतो," काका म्हणाले. "पोचल्यावर नुसतं रबर सुटलंय, असं एकदा तरी निघायला हवं होतं."

काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. काकांचे डोळे वाहत होते, पण चेहरा हसत होता, आणि ते पुसायचीही त्यांना घाई नव्हती. बाई उगाचच झुडपाच्या पलीकडे काहीतरी शोधायला निघून गेल्या. मी रबरबँड गोळा केले.

थोड्या वेळाने काकूंनी पंख जागेवर ठेवला, रबरबँड ओढून बसवले, आणि ते नीट बसलेत का हे नखाने तपासून बघितलं.

"बॅटरी उरलीय का हो?" त्यांनी बाईंना विचारलं.

"आहे थोडी."

"मग आता मी."

"तुला येईल?" काकांनी विचारलं.

"तिरके काप मी दिलेत त्याला," काकू म्हणाल्या. "ते माझं ऐकेल."

ऐकलं की नाही, देव जाणे. विमान त्यांना हवं तिकडे गेलं नाही, पण वर मात्र राहिलं. काका गवतात आडवे झाले होते, हात डोक्याखाली घेऊन. काकू ओरडत होत्या, "अहो, आता कुठे वळवू? अहो!" आणि काका आभाळाकडे बघत म्हणत होते, "कुठेही वळव. आपल्याला कुठे जायचंय?"