बारा बोटांची दोरी

स्वतःच्या बोटांवर आमच्या शेजारच्या काकांइतका आंधळा विश्वास असलेला माणूस अख्ख्या मालवण तालुक्यात सापडणार नाही. वडीलधाऱ्यांबद्दल असं लिहावं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण खरं आहे तेच लिहिते. काका तोंडवलीत जाळी विणतात आणि फाटलेली सांधतात. जाळ्याचं भोक बोटं घालून मोजायचं, दोन बोटांचं की तीन, ही त्या कामाची रीतच आहे. पण काका जगच बोटांनी मोजतात. पेजेतलं पाणी, दाराची फट, काकूंच्या साडीचा काठ. एकदा चपलेच्या दुकानात नंबर विचारला तर ‘अकरा बोटां’ म्हणाले, आणि दुकानदाराला ते कळेना म्हणून त्याचीच कीव करत बाहेर पडले. त्यांच्या हिशोबी मोजपट्टी वापरणारा माणूस अडाणी. डॉक्टर त्याहून अडाणी. पेरं सुजली की ते औषधाच्या दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणत आणि फुटाण्यांसारख्या खात. उपाशीपोटी दुखतं, पेज घेतली की थांबतं, अशी पोटाची खबर रोज सकाळी दोन घरांमधल्या दगडी गडग्यावरून आम्हाला ऐकवत, न विचारता.

आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. कुडाळला नर्सिंगला आहे. घरात शंका विचारायला कुणी नाही, म्हणून शरीररचनेचं पुस्तक घेऊन मी ओट्यावर मोठ्याने वाचत बसायचे, ही माझी चूक. लहान आतड्याचा पहिला भाग, म्हणजे आद्यांत्र, साधारण बारा बोटांच्या रुंदीएवढ्या लांबीचा असतो, हे वाक्य काकांनी ऐकलं आणि जाळं टाकून गडग्याशी आले. पुस्तकात त्यांच्या बोटांचा उल्लेख झाला होता ना! लगेच त्यांनी जाळ्याच्या दोरीवर बारा बोटं मोजली, दोन गाठी मारल्या आणि तुकडा माझ्या पुस्तकात ठेवला. मी पट्टी लावली. अठ्ठावीस सेंटीमीटर. पुस्तकात पंचवीस लिहिलेलं.

“मगे पुस्तक चुकला,” काका म्हणाले. “लिवणाऱ्यान कधी मासो तरी कापल्यान काय?”

त्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. बांगडा चिरायचा, आतडं फळीवर पसरायचं आणि मला हाक मारायची. माणूस म्हणजे उभा मासा, असं त्यांचं शास्त्र. बांगड्याच्या जठरापुढे बारीक नळ्यांचा झुपका असतो. तो त्यांनी मला इतक्या वेळा दाखवला की तोंडी परीक्षेत बाईंनी आद्यांत्रात काय उघडतं असं विचारल्यावर माझ्या तोंडून ‘नळ्यांचा झुपका’ हेच निघालं. बाईंनी चष्मा काढून विचारलं, हे माणसाचं सांगतेस की माशाचं? मी नापास झाले. घरी येऊन रडले, तर काका गडग्यावरून म्हणाले, “त्या बाईक बांगडो दाखव.”

मग मी चिडून अभ्यास केला. काकांना खोटं पाडायचं, एवढाच हेतू. आद्यांत्र इंग्रजी सी अक्षरासारखं वळतं आणि स्वादुपिंडाचं डोकं त्या वळणात बसतं. पित्त आणि स्वादुपिंडाचा रस त्याच्या दुसऱ्या भागात उतरतात. पहिल्या भागावर जठरातलं आम्ल सरळ येऊन पडतं, आणि त्याच्या अगदी पाठीमागून एक मोठी रक्तवाहिनी जाते. तिथली जखम खोल गेली तर ती वाहिनी फुटते. हे सगळं मला माशाशिवाय पाठ झालं.

फेरपरीक्षेच्या आदल्या आठवड्यात काकांनी सकाळची खबर दिली. दोन दिवस शौचाला डांबरासारखं काळं होतंय.

“रविवारी माकुल खाल्लंय. तेची शाय ती,” वर हसून म्हणाले.

मला हसू आलं नाही. माकुलाच्या, म्हणजे स्क्विडच्या, शाईने दोन दिवस डांबर पडत नाही. उपाशीपोटी दुखणं, पेज घेतली की थांबणं, त्या गोळ्या, सगळं माझ्या पुस्तकाच्या एकाच पानावर होतं. चेहराही पांढरा पडला होता. मी घाबरत घाबरत सांगितलं की आतून रक्त जातंय, आत्ताच दवाखान्यात चला. ते म्हणाले, नापास झालेल्या पोरीनं मला शिकवू नये. हा माणूस हट्टानं मरणार, हे मला स्पष्ट दिसलं.

“काका,” मी म्हटलं, “भोक पडलेला जाळा तुमी दर्यात सोडतास?”

काका घराकडे वळले. मग काकूंना म्हणाले, “रिक्षाक सांग.”

तोंडातून दुर्बीण घातली तेव्हा जखम आद्यांत्राच्या पहिल्याच भागात निघाली. रक्त चढवावं लागलं. त्या गोळ्या बंद, आणि पेरं पुन्हा सुजू नयेत म्हणून तीन महिने जाळ्याला हात लावू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. मी मधल्या काळात पास झाले. काकांनी ते श्रेय बांगड्याला दिलं.

परवा ओट्यावर ते माझं पुस्तक चाळत होते. जुनी दोरी सापडली. त्यांनी तिच्यावर बोटं ठेवली, एकेक करून बारा. शेवटची गाठ बोटभर लांब राहिली. त्यांनी पुन्हा मोजलं, हळू, बोटं फाकवून. कामाची सूज उतरून ती बोटं आता कोवळ्या शेंगांसारखी झाली होती. मी मनात हिशेब केला. त्यांची बारा बोटं आता पंचवीस सेंटीमीटरच्या आसपास. पुस्तक बरोबर होतं, आणि मला त्याचा जराही आनंद झाला नाही.

“दोरी वाढली गो,” काका म्हणाले.

“होय,” मी म्हटलं, “वाढता कधी कधी.”