सोफ्यावरच्या नव्या उशा

पडदेवाल्या काकूंनी उभं आयुष्य लोकांच्या खिडक्या नि सोफे सजवण्यात घातलं; स्वतःच्या सोफ्याला मात्र धड खोळ नव्हती. त्या बहिणीकडून परतल्या, तर सोफ्यावर ओळीने नव्या उशा. एक निळ्या पट्ट्यांची, एक चौकटीची, एक फिकट पिवळी. अगं बाई, हे तर ह्यांचे शर्ट! नवरा जाऊन वर्ष झालं, तरी त्यांनी ते कपाट उघडलं नव्हतं.

"कात्री लावलीस? मला न विचारता?" त्या सुनेवर कडाडल्या.

सुनेच्या तोंडचं पाणीच पळालं. "आई, तुम्हाला बरं वाटेल म्हणून... पडून राहिलेलं कापड विरतं, असं तुम्हीच म्हणता ना!"

काकूंनी निळी उशी उचलली आणि सवयीने आधी उलटून शिलाई बघितली. टाके सरळ होते, त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. मग त्यांची बोटं खिशावर गेली आणि तिथेच थिजली. खिशाचं तोंड शिवून टाकलं होतं.

"लोंबत होता, वाईट दिसत होता," सून पुटपुटली.

काकूंनी दातांनी टाका तोडला.

"अगं, असा कसा शिवलास?" त्या ओरडल्या. "आता हे चष्मा कुठे ठेवतील?"