सरकणारी फुटाणेवाली

औशाच्या स्टँडबाहेर एक म्हातारी फुटाणे विकायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. सगळे मावशी म्हणायचे, मीही म्हणायचो. ती जुन्या कडुलिंबाखाली बसायची. सावली जसजशी सरकेल तसतशी पोतं आणि टोपली ओढत तीही सरकायची. सकाळी पानटपरीच्या बाजूला दिसायची, सांजच्याला पार रस्त्याच्या कडेला.

लातूर जिल्हा झाला आणि रस्ता रुंद करायचं निघालं. त्या साली पाऊस नव्हता. हिरवं म्हणावं असं स्टँडवर ते एकच झाड होतं, तेच आडवं केलं. राग तरी कुणावर काढायचा? जिल्हा सगळ्यांनाच हवा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर मावशी उन्हातच बसलेली. थोड्या वेळानं ती उठली, पोतं झटकलं, टोपली उचलली आणि हातभर पुढं जाऊन बसली. तिथंही ऊनच.

“मावशी, आता कशाला सरकायलीस? सावली कुठं हाय?”

पदरानं तोंड पुसत ती म्हणाली, “न्हाई रे बाबा. पर बसवतच न्हाई एका जागी. लई वर्सं त्या झाडानं उठवलं मला.”

मी फुटाण्याची पुडी घेतली आणि बसची वाट बघत उभा राहिलो. सगळं मैदान मोकळं होतं, तरी माणसं झाडाच्या जागीच दाटीवाटीनं उभी होती. सावलीत घ्यावं तसं एकानं जरा सरकून मला जागा दिली.