शेवाळ्याचं तेल आणि खडूची रेघ

त्याला सगळे काटेवालाच म्हणायचे. कारखान्याच्या दारात मोठा काटा होता, कोळशाच्या गाड्या त्यावर चढायच्या, नि हा बाबा तीस वर्षं तिथं बसलेला. गाडीवाल्यानं नुसता पाय टेकला तरी म्हणायचा, पाय काढ, तुला कुठं जाळायचंय. बायको होती तेव्हा म्हणायची, यम न्यायला आला तर हा आधी रेड्याचं वजन करील. मग ती गेली, मागं एक लेक उरली. तिच्यात याचा जीव.

जावई हुशार, पण हाताला यश नाही. तळ्यातल्या शेवाळ्यातून तेल काढायचं यंत्र केलं त्यानं. लेकीनं आपलं शिलाई मशीन विकून त्याला लोखंड आणून दिलं. तेल निघायचं, अगदी खरं तेल, हिरवट नि उग्र वासाचं. पैसे लावणारी मंडळी आली, बघून म्हणाली, तेल दिसतंय हो, पण ते काढायला जळतं किती? ते मोजून दाखवा, मग बोलू. मोजायला कोण, तर काटेवाला. सासरा असला म्हणून काय झालं, म्हणाले, याचा काटा बापालाही ओळखत नाही.

त्याची रीत साधी. तपेल्यात पाणी ठेवायचं, खाली जाळायचं, किती तपेली उकळतात ते बघायचं. तेलाचं तसंच, कोळशाचं तसंच. जावयानं यंत्राभोवती खडूनं रेघ मारली. रेघेच्या आत जळेल तेवढंच धरायचं, असं ठरलं. आठवडाभर मोजलं. वीस तपेल्यांचं जळण आत गेलं, साठ तपेल्यांचं तेल बाहेर आलं. लेक कितीतरी दिवसांनी हसली.

पण याला घास गोड लागेना. शेवाळं आत यायचं ते पापडासारखं कोरडं. तळ्यात तर ते चिंब असतं, मग वाळवतं कोण? तो उठला, मागच्या शेडमध्ये गेला. तिथं भट्टी पेटलेली, वर जाळ्यांवर शेवाळं पसरलेलं. त्यानं तिथला आठवड्याचा कोळसा तोलला. ऐंशी तपेल्यांचा निघाला.

दुपारी लेक डबा घेऊन आली. बापाच्या हातात खडू बघितला नि तिला सगळं समजलं.

"बाबा, रेघ आहे तिथंच राहू द्या. खोटं लिहा म्हणत नाही मी. फक्त तिकडं बघू नका."

"बघून झालंय गं," तो म्हणाला.

"मग आमचं काय?"

तो खडू घेऊन वाकला, नि गुडघे धरत धरत रेघ शेडपर्यंत ओढत नेली. कागदावर लिहिलं, शंभर जातात, साठ येतात.

मंडळी आली तशी गेली. जावई कामासाठी दूर कुठं निघून गेला, पत्र नाही की निरोप नाही. लेक बापाच्या घरी परत आली नाही. लोकांचे कपडे धुवायला लागली.

पुढं यंत्र भंगारात निघालं. गाडी आली ती याच काट्यावर. लेक गाडीमागं उभी, पदराला हात पुसत. यानं चष्मा पुसला, दोनदा बघितलं, आकडा सांगितला.

तिनं शांतपणे विचारलं, "या वेळी रेघ कुठून धरलीत, बाबा? माझं शिलाई मशीन धरलंत?"

काट्यावर टेकलेला त्याचा हात तसाच राहिला. मागच्या गाडीवाल्यानं भोंगा वाजवला, तरी त्यानं हात उचलला नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा त्याचा स्वतःचाच हात वजनात धरला गेला, नि ते सांगायला समोर कुणी उरलं नव्हतं. लेक केव्हाच चालू लागली होती.