नक्कल कुठं निजते?

“नक्कल कुठं निजते?”

फाइल जपून ठेवली असं म्हटलं, की तिच्या कॉपीबद्दल त्याचा हा प्रश्न ठरलेला. महाडच्या बाजारपेठेत माझा फोटो स्टुडिओ, आणि तो माझ्याकडे कॉम्प्युटरवर बसायचा. पोलादपूरच्या वर, डोंगरावरच्या वाडीतला. त्यांच्याकडे भाताचं बियाणं कधी एका घरात ठेवत नाहीत. अर्धं आपल्याकडे, अर्धं भावाकडे. तोच न्याय त्यानं आमच्या गिऱ्हाइकांच्या लग्नांना लावला. दर शनिवारी सगळे फोटो एका हार्डडिस्कवर घ्यायचे, ती प्लास्टिकमध्ये गुंडाळायची आणि एस.टी.नं वाडीवर न्यायची.

“म्हशींना लग्नं दाखवतोस काय रे?” मी डिवचायचो.

“दाखवतो ना. बोलतात, फोटोवाल्याला नवरीपेक्षा पंगतच जास्त दिसलेय.”

खोटं नव्हतं.

माझ्या घरच्या फाइलींना मात्र मी त्याला हात लावू देत नव्हतो. त्यांत आईचा आवाज होता. ती जायच्या आधी मी हौसेनं रेकॉर्डिंग लावलं, आणि तिनं वीस मिनिटं माझाच उद्धार केला. मागे उरलेला तिचा आवाज तेवढाच. पण हाताखालच्या माणसानं तो ऐकला, तर माझी अब्रू काय राहणार?

“मग कुलूप घाला, दादा. परवलीचा शब्द तुमचा तुमी टाका. मला सांगू नका.”

त्यानं फोल्डरला कुलूप कसं घालायचं ते दाखवलं, आणि मी शब्द टाकेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी दोन डिस्कवर दोन नकला केल्या.

“नि त्या कुठं निजतात?”

“माळ्यावर. दोन्ही.”

त्यानं मान वर करून माळ्याकडे पाहिलं. तुम्हाला सांगतो, सावित्रीच्या पुराची वर्दी आली की आम्ही महाडकर सगळं माळ्यावर चढवतो. देवापेक्षा माळ्यावर विश्वास जास्त. “तीन पिढ्यांत तिथं पाणी लागलेलं नाही,” मी ऐटीत सुनावलं.

त्या पावसाळ्यात सावित्री माळ्यावर चढली.

पाणी ओसरलं, खालचा कॉम्प्युटर तर गेलाच होता; मी दुकानाच्या माळ्याला शिडी लावली. डिस्क उचलल्या, तर दोन्हींतून चिखल गळायला लागला. लोकांची लग्नं डोंगरावर कोरडी ठणठणीत, आणि माझी आई दुसऱ्यांदा गेली.

चौथ्या दिवशी तो आला. रस्ते खचलेले, निम्मी वाट चालत. छातीशी पिशवी.

“दादा, रागावू नका. चोरी केलेय मी.”

माझं ते कुलूपबंद फोल्डर तो दुकानातल्या कॉम्प्युटरवरून मला न विचारता, न उघडता शनिवारच्या डिस्कवर घेत होता. म्हणजे इकडे मी म्हशींवरून त्याची टिंगल करत होतो, आणि तिकडे आई त्याच्या भावाच्या घरी भाताच्या कणगीत सुखरूप होती.

उसना लॅपटॉप आणला. परवलीचा शब्द दोनदा चुकला. तिसऱ्यांदा उघडलं.

गेल्या वर्षी तो वारल्याचा फोन आला, तेव्हा मला त्या दिवसाचं तेवढंच दिसलं: आत लॅपटॉपमधून आई कडाडतेय, “मेल्या, तुला अक्कल कधी यायची!” आणि बाहेर घोटाभर चिखलात तो उभा आहे. दुकानाकडे पाठ करून, दोन्ही कानांत बोटं घालून.