तिसरं चाक

शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की मला ते लोखंडी खोकं आठवतं. बाजूची दांडी ओढली की फळांची चित्रं असलेली तीन चाकं गरगर फिरायची आणि एकेक करून थांबायची. मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी आमच्या मालकांनी, म्हणजे घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माझ्या नवऱ्याने, ते जुगाराचं यंत्र नगरच्या एका लिलावातून आणलं. जत्रेत खेळ मांडणारा सोनईचा एकजण संध्याकाळी ते विकत न्यायला येणार होता, आणि तिसरं चाक दरवेळी लिंबावरच अडकत होतं. मालकांनी तीनदा खोललं, तेल घातलं, उपयोग शून्य. दुपारभर दांडी ओढून माझा खांदा भरून आला. शेवटी मी म्हणाले, "अवो, जात्यात खडा आल्यावानी वाजतंय. आत कायतरी हाय." "व्हय, आता दळणच टाक त्यात!" म्हणत त्यांनी पुन्हा खोललं. चाकाच्या दात्यांतून बाजरीचा दाणा निघाला, यंत्राशेजारीच ठेवलेल्या आमच्या धान्याच्या कणगीतला. सोनईकराने विचारलं, "नीट तपासलंय ना?" मालक म्हणाले, "हिनं तपासलंय." पुढे प्रत्येक यंत्र विकण्याआधी ते मला ऐकायला बोलवायचे, तव्यावर भाकरी असली तरी. मालक गेले; आता माझी भाकरी करपत नाही.